अनुभवाचा दाखला

ज्याच्या हाती पडेल त्यास,
(असंच सुरू करायला तिनं सांगितलंय.
मला नावानिशी लिहिलेलं बरं वाटतं, पण नाव कुणालाच ठाऊक नाही.)

मी रमजान बाबालाल शिकलगार,
शिकलगार टर्निंग वर्क्स, उद्यमनगर, कोल्हापूर,
लिहून देतो की कुमारी रसिका मारुती कुरणे
आमच्याकडं सहा वर्षं दोन महिने कामाला होती.

आली ती बिलं करायला.
कॉलेजचं विचारलं तर म्हणाली,
गणित तीनदा राहिलं, चौथ्यांदा फी राहिली.
मी पुढं काही विचारलं नाही.
आमच्यात डिग्री कोनाला असते.
पंचेचाळीस, तीस.
हत्यार लावून बघता येते.

दुसऱ्या वर्षी कोइमतूरहून जुनी सीएनसी घेतली.
चालवणारा पोरगा दिवाळीचा बोनस घेऊन
शिरोलीला गेला, तो गेलाच.
मशीन तीन आठवडे मेणकापडाखाली,
हप्ता मात्र उघडा.
ही म्हणाली, "मी बघतो की, काका."
(आमच्यात पोरी 'बघतो'च म्हणतात.
जर्मन करणाऱ्यानं घोटाळा करू नये. मुलगीच आहे.)

चौथ्या दिवशी पहिला जॉब उतरला.
जॉब म्हणजे चकमध्ये धरलेला तुकडा.
तुमच्यात वेगळ्या कशाला म्हणतात
ते मला हल्ली कळालं.
मायक्रोमीटर लावला. दोन शंभरांश जास्त.
म्हटलं, चालतंय.
ती म्हणाली, "नाही चालत,"
आणि सगळं पुसून पहिल्यापासून लिहायला बसली.
एवढंच वाचून कागद खाली ठेवला
तरी माझी हरकत नाही.

नंतर तिनं मालाचा हिशोब मोबाईलवर आणला.
किती बार शिल्लक, कुणाकडं किती थकलंय.
शेजारच्या लोहारांनी मागितलं,
मग गल्लीतल्या अकरा शेडनी.
एकदा रात्री दीडला बंद पडलं
तर सकाळी शटर वर करायच्या आत चालू.
त्याला काय म्हणतात ते तिनं
इंग्रजीत पाच ओळी लिहून दिलंय.
मला जे समजत नाही त्यावर मी सही करत नाही,
म्हणून जेवढं बघितलं तेवढंच लिहितोय.

अर्ज एकशे चाळीस ठिकाणी केले.
शिक्षणाचा एक रकाना असतो,
बाण दाबला की यादी उघडते.
यादीत उद्यमनगर नसतं.

तुमची मुलाखत इथंच झाली, पॅटर्नच्या कपाटापुढं,
कारण घरी टीव्ही आणि दोन भाऊ.
मी लेथ बंद ठेवली,
पण पलीकडच्या शेडचा हातोडा कोण थांबवणार?
तुमच्या साहेबानं विचारलं, आवाज कसला?
मला वाटलं, संपलं.
तिनं लॅपटॉप उचलला, तसाच दारात नेला
आणि लाल लोखंड दाखवलं.
पुढची वीस मिनिटं दोघं हातोड्याबद्दलच बोलले.

वर्तणूक : चांगली.
भांडण एकदा, माझ्याशी. चूक माझी होती.
पगार : शेवटी सव्वीस हजार.
कमी होता. खरं लिहायचं म्हटल्यावर हेही लिहितो.

काम सोडण्याचं कारण :
इथं बराच वेळ थांबलो.
ती म्हणाली, "पुढील प्रगतीसाठी" लिहा, सगळे तेच लिहितात.
लिहिलं.

शिक्क्याची शाई वाळली होती, थुंकी लावून उठवलाय,
माफी असावी.
कोपऱ्यातला डाग कटिंग ऑईलचा आहे.
ती दुसरा कागद द्या म्हणत होती. मी दिला नाही.

शंका असल्यास फोन करावा.
सोमवारी सुट्टी.
मराठीत बोललात तर बरं, हिंदी चालेल.
मशीन चालू असलं तर ऐकू येत नाही,
दोनदा वाजवा.