झडती

नाशिकरोडला प्रेसच्या गेटवर रोज संध्याकाळी
पाथरे काका हात वर करून उभे राहायचे.
एकतीस वर्षं.
खिसे उलटे, डबा उघडा, चपला बाजूला,
आणि मुलाच्या वयाचा एक शिपाई
बगलांखालून हात फिरवून म्हणायचा, चला.
दिवसभर कोऱ्या नोटांच्या थप्प्या मोजलेली बोटं
शालिमारच्या बसमध्ये तिकिटापुरती चिल्लर शोधायची.

शरणपुरातल्या आमच्या मंडळीचे ते सेक्रेटरी.
मंडळी म्हणजे एकशे चाळीस घरं, दोन गट, एक पेटी,
आणि कबरस्तानाच्या भिंतीवरून चाललेलं भांडण,
माझ्या जन्माच्याही आधीचं.

मी तेव्हा बावीसची. युवक संघाची.
छताच्या पैशात काकांनी हात मारलाय,
हे वाक्य गावभर फिरलं,
पण निघालं होतं माझ्या तोंडून.

कापणीच्या सणाचा दिवस.
वेदीपुढे पिंपळगावच्या द्राक्षांच्या पाट्या, मेथीच्या जुड्या,
पाय बांधलेली एक कोंबडी, उपासनाभर कुरकुरणारी,
आणि रत्नमालाबाईंचा भोपळा,
एका अंगाला मऊ पडलेला.
आशीर्वाद झाला. लिलाव सुरू व्हायचा होता.
मी उठले आणि सगळ्यांदेखत हिशेब मागितला.
मागितला कसला, फेकला.

मला वाटलं, आता म्हणतील, कालची पोर.
काका टेबलापाशी आले
आणि त्यांनी हात वर केले.
सवयीने.
मग हसले स्वतःशीच, हात खाली घेतले,
एकेक खिसा बाहेर काढला:
रुमाल, खोकल्याची गोळी, कपाटाची किल्ली,
सुतळीने बांधलेली वही.
"घे. मोठ्याने वाच. चुकलं तिथे थांब."

वाचत गेले. सिमेंट. पत्रे. गवंड्यांचा चहा.
थांबले एका ठिकाणी. साठ रुपये कमी.
"हरवले माझ्याकडून. कुठे, ते आठवत नाही.
लिहायची लाज वाटली.
चूक ती, पोरी. साठ रुपयांची नव्हे, लाजेची."
खिशात तेवढे नव्हतेच.
पहिल्या तारखेला देतो म्हणाले,
आणि तेही वहीत माझ्याच हाताने लिहवून घेतलं.

कोंबडी तेवढी बोलत होती.

मग लिलाव. तोही त्यांनीच पुकारला,
दुसरं कोण पुकारणार.
भोपळा उचलला तेव्हा मी जवळ होते.
मऊ बाजू त्यांनी तळहातावर घेतली,
बोटं रुतली आत, रस मनगटापर्यंत आला,
आणि पुढच्या बाकावरच्या रत्नमालाबाईंना
दिसला फक्त पिवळाधमक, गोल, आपला भोपळा.
स्वतःचं कुजकं आत्ताच उघडं करून दाखवलेला माणूस
दुसरीचं झाकून उभा होता.
बोली मीच लावली. माहीत असून.
घरी अर्धा टाकला, अर्ध्याची भाजी झाली.
बरी झाली.

यंदा किल्ली माझ्याकडे आली.
देताना सल्ला नाही, प्रार्थना नाही,
कपाटाचा खालचा कप्पा अडकतो, एवढंच म्हणाले.
आता मागच्या बाकावर बसतात. खांदा धरलाय,
हात डोक्यापर्यंत जात नाही.
पाळकसाहेब म्हणतात, काकांवर एक प्रवचन होईल.
काका म्हणतात, मग साठ रुपयांपासून सुरू करा.

आज माझी पहिली बैठक.
थंडी आहे, खिडक्या लावल्यात, चहा फिरतोय.
मागून जोएल उबाळे उठलाय,
वय तेवीस-चोवीस, आवाज ओळखीचा,
मला माझाच वाटावा असा.
पेटीच्या दुरुस्तीचे पैसे कुठे गेले, विचारतोय.
विचारतोय कसला.

कान तापलेत.
कालचं पोरगं, हे दोन शब्द
दातांमागे येऊन थांबलेत.
सगळे माझ्याकडे बघतायत; काका सोडून,
ते चष्मा पुसतायत.

टेबलाखाली माझे हात.
किती जड असतात हात.
उचलतेय.