हृ

पाथर्डी फाट्याच्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
शिडीच्या पाचव्या पायरीवर उभा राहून
मी हृदय लिहीत होतो.

सेक्रेटरींनी चिठ्ठीवर दिलेलं : 'ह्रदयरोग विभाग'.
ह ला र चिकटवलेला, घाईघाईत.
बॅनरवरही तसंच छापून आलं होतं
सातपूरपासून द्वारकेपर्यंत.
मी म्हटलं, साहेब, र नाही, ऋ. तो खालून येतो.
ते म्हणाले, आहिरे, उद्या अकराला फीत आहे,
कोण बघतंय?

चाळीस वर्षं बोर्ड लिहितोय.
कोंडाजीच्या पोराची रसवंती, सायकल मार्ट,
कै. अमुक यांच्या स्मरणार्थ पाणपोई.
अक्षर चुकलेलं दिसलं की डाव्या खांद्यात
काहीतरी ओढल्यासारखं होतं.
निदान मी तरी तेच कारण धरून बसलो होतो.

संध्याकाळी टेक्निशियन पोरगी बाहेर आली, रुमाना.
मशीन लावून बघायचंय, कुणीतरी आडवं व्हा.
वॉचमन लाजला. सुतार म्हणाला, मला गुदगुल्या होतात.
मी टर्पेंटाइनने हात पुसले आणि झोपलो.

गार जेली. दिवा बंद.
पडद्यावर करडं काहीतरी उघडमिट करत होतं,
गंगेवर पहाटे कुणी ओलं धोतर झटकावं तसं.
हेच?
हेच, काका.
चौसष्ट वर्षं आत राबत होतं
आणि आमची ओळख आज,
तीही चपला बाहेर काढून.

मग ती बोलायची थांबली.
एकच जागा पुन्हा पुन्हा पाहत राहिली,
मी बोर्डापासून चार पावलं मागे सरकून पाहतो तशी.
डॉक्टर आले, चष्मा कपाळावर सरकवला.
सोमवारी या. उपाशीपोटी. शिडीबिडी बंद.

केसपेपरवर तिनं नंबर टाकला : एक.
फीत अजून अख्खी होती,
पेढे खोक्यात, कात्री मखमलीवर.

मी म्हटलं, माझा हृ राहिलाय.
तिनं डॉक्टर गेले त्या दाराकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
दुसऱ्या पायरीच्या वर जायचं नाही, म्हणाली,
आणि दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली,
पांढऱ्या कोटाला लाल रंग लागला तरी.

ह वाळला होता. हात लांबवून
त्याच्या पोटाखाली ते वळण ओढलं,
एका दमात, ब्रश न उचलता.

खालून सेक्रेटरी ओरडले, झालं का?

थांबा, म्हणालो. ओलं आहे अजून.