हद्द कायम

सकाळी लॉनवर मातीचे ढीग.
काल एक होता, आज तीन,
काळे, भुसभुशीत,
रात्रभर कुणी चाळणीने चाळून ठेवल्यासारखे.
मोगऱ्याची आळी खचलेली,
लसणाच्या वाफ्यात नुसती पात आडवी, खाली काही नाही.
सुखदेव खुरपं टेकवून वाकतो, वास घेतो.
"उंदराचं काम नोहे मॅडम. घूस होय."

घूस.
चौतीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये काढली मी.
हा शब्द तिथे हिंदीतून यायचा,
हलक्या आवाजात,
मिठाईच्या डब्याखालच्या पाकिटासोबत.
पाकीट परत करायची. डबाही.
एकदा डबा ठेवून घेतला,
पोरगी टायफॉइडमधून उठली होती, काही खात नव्हती.
संत्रा बर्फी. पाव किलो.
अजून आठवते म्हणजे बघा.

आणि आता निवृत्तीनंतर
ही चार पायांची, थेट अंगणात.

गोकुळपेठेतला दुकानदार म्हणाला, गोळ्या देतो, खात्रीच्या.
पण कॉलनीतली मांजरं माझ्याच पायरीवर झोपतात.
म्हणून डांबराच्या गोळ्या टाकल्या; तिने बाहेर काढून ठेवल्या, ओळीने.
मिरचीचा धूर केला; ठसका मलाच लागला.
पिंजरा आणला, आत सांबारवडीचा तुकडा.
पहिल्या रात्री चिचुंद्री.
दुसऱ्या रात्री दार बंद,
वडी नाही,
घूसही नाही.

शेवटी पाइप लावला बिळात.
अर्धी टाकी गेली, चैत्रातली.
इकडे एक बुडबुडासुद्धा नाही,
आणि भिंतीपलीकडून लांजेवार ओरडले:
"अवो, शेडमध्ये पाणी येऊन राह्यलं न आमच्या!"

अकरा वर्षांनी बोलले ते माझ्याशी.
नऊ इंचांवरून बंद होतं बोलणं.
जिल्हाभराच्या हद्दी मी कायम करून दिल्या,
साखळी टाकून, दगड रोवून,
आणि माझ्याच भिंतीची मोजणी
त्यांना मान्य नव्हती.
अर्ज, अपील, तारखा.
त्यांची बायको गेली तेव्हा मी फाटकापर्यंत जाऊन परत आले.

संध्याकाळी भिजलेली माती खाली बसली
आणि भिंतीच्या पायातली वीट सुटली.
ते तिकडून टॉर्च घेऊन वाकले, मी इकडून.
दोघांचेही गुडघे वाजले.

आत भिंतीच्या बरोब्बर खाली
एक खोली, तळहाताएवढी.
कुलरच्या जुन्या ताट्यांचं गवत अंथरलेलं,
थोडं माझ्याकडचं पिवळं,
थोडा त्यांच्याकडचा वाळा.
त्यावर पाच पिल्लं, गुलाबी,
डोळे न उघडलेली, आणि कोरडी.
पाणी त्यांच्या खालून निघून गेलं होतं
दुसऱ्या फाट्याने.
लेव्हल न लावता, दुर्बीण न लावता
पाण्याच्या रेषेवर दीड वीत
खोली काढली होती बाईने.
माझ्या हाताखालच्या किती सर्व्हेअरना
जमलं असतं हे.

"कोनाच्या हद्दीत आहे पाहा बरं," लांजेवार म्हणाले.
थट्टा होती की अकरा वर्षांचा राग, कळलं नाही.
मी पाहिलं. सवयीने, एक डोळा मिटून.
त्याच नऊ इंचांत.

सुखदेव मागे उभा, फावडं घेऊन.
"काय करू मॅडम?"
लांजेवारांनी टॉर्च विझवला.
"हिला वडी आवडे तुमची," ते म्हणाले,
आणि मला थोडा वेळ लागला
हिला म्हणजे कुणाला, ते समजायला.

वीट आम्ही तशीच टेकवून ठेवली, न लिंपता.
उद्या पाहू, असं म्हणालं कुणीतरी.

रात्री खिडकीतून खरखर ऐकू येते,
वाफ्याकडून भिंतीकडे, थांबते, पुन्हा.
पिंजरा तुळशीमागे उघडाच आहे.
त्यात आज काही ठेवलेलं नाही.
लसूण मात्र परत लावावा लागेल.