सातवा खिळा

माझ्या हातात पाणी नसतं.
हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक विचारतात.
डिचोलीला त्या रात्रीही एका म्हाताऱ्यानं विचारलं,
"सगळे धावतायत, तू रे कसला उभा?"

मी उभा होतो काजूच्या कारखान्यासमोर,
गळ्यात शिट्टी, हातात पाटी.
पाटीला सहा खिळे, सहा खिळ्यांना सहा बिल्ले,
म्हणजे सहा माणसं आत.
प्रत्येकाच्या नावापुढे आत गेल्याची वेळ
आणि पाठीवर किती हवा उरली तो आकडा.

उर्राकचे दिवस. वारा नव्हता, हे एक बरं.
टरफलं जळत होती, त्यांचं तेल सुटत होतं,
काळं, चिकट; कातडीवर पडलं की सालटं निघतं.
ते काय असतं ते शेवंतीला विचारा,
एकोणीस वर्षं ती तिथे बिया फोडत होती.
तिनंच काळवंडल्या बोटांनी दाखवलं,
पोती कुठे, भट्टी कुठे,
कुठला दरवाजा चवथीपासून फुगून बसलाय.
मी लिहून घेतलं.
कारखान्याचा नकाशा साहेबांच्या कपाटात होता.
कपाट आत होतं.

आग बघायला सगळं गाव असतं.
मी बघतो विजेची तार,
धूर दाराखालून बाहेर येतोय
की आत ओढला जातोय,
आणि भिंत.

मागची भिंत चिऱ्याची, मातीत बांधलेली,
तासभर पाणी पिऊन जड झालेली.
तिचं पोट सुटल्यासारखं वाटलं.
टॉर्चच्या उजेडात सगळंच जरा फुगीर दिसतं.
बाप गवंडी होता माझा.
गळ्यातली शिट्टी काढली,
दोरीला लोंबती धरली भिंतीलगत:
दोन बोटं बाक.
थांबलो. पुन्हा धरली.
तीन.

मग तीच शिट्टी तोंडात घातली.

शेवटी आला आगुस्तिन.
मुखवटा फेकून ओरडला, "पाच मिनिटं!
पाच मिनिटं दिली असतीस तर भट्टीची खोली वाचली असती!"
खरं होतं ते.
खोली गेली. मालक धुळीत बसून राहिला.
मी बिल्ले मोजले, सहा.
परत मोजले.

भिंत पडली नाही.
रात्रभर नाही, सकाळीही नाही,
पेपरातल्या फोटोत तर अगदी ऐटीत उभी.
स्टेशनवर आठवडाभर तेच:
"काय, बरी आहे ना तुझी भिंत?"
मीही हसलो. चहा पाजला.

सोमवारी जेसीबी आला.
पहिल्या धक्क्याला काही नाही.
दुसऱ्याला थोडी माती सांडली.
तिसऱ्याला बसली,
गुडघे दुखणारी बाई बसते तशी, हळू,
आणि आत नाही, बाहेर.
मी जिथे शिट्टी लोंबती धरून उभा होतो
बरोबर तिथे चिऱ्यांचा ढीग, कमरेएवढा.

आगुस्तिननं ढिगाकडे पाहिलं.
मग माझ्याकडे.
मग पाटीकडे, गाडीत पडली होती ती.
बोललो नाही कोणी.
त्या रात्री ती पडली असती का,
मला माहीत नाही, अजून नाही.

परवा ड्यूटीवर गेलो तर
पाटीला एक नवा खिळा, किंचित वाकडा ठोकलेला.
बिल्ल्यावर माझं नाव,
आडनाव चुकलंय.
तसंच ठेवलंय.