काड्यापेट्या

वालपराइसोच्या टेकडीवर
एउलोहिया बारिएन्तोस दर शुक्रवारी
स्वयंपाकघरातल्या टेबलावर काड्यापेट्या मांडते.
पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं:
पोरकी. लबाड. राणी.
राखणदार दोन,
आणि एकीवर नुसतंच: विकणारा.

रेडिओकेंद्राला कुलूप लागून बावीस वर्षं झाली.
आता शिकायला तिघं येतात.
मासळी बाजारातली ओडिलिया, लिंबू चोळूनही वास न गेलेल्या हातांची.
गोदीतला क्रेनवाला बेलिसारियो.
आणि एक मुलगा,
नाव सांगत नाही, बिस्किटं संपवतो.

बेलिसारियोनं लबाड आणि राणी समोरासमोर ठेवलेत.
‘साप-मुंगूस,’ ती म्हणते,
‘दहाव्या मिनिटाला एकजण मेला.
जाहिरातीनंतर लोकांना काय ऐकवू, तुझं घोरणं?’

ती दोन्ही राखणदार ओढते,
मधे लसणाची एक पाकळी ठेवते.
‘हे मूल. तापानं फणफणलंय.
हा म्हणतो दार लाव, वारा लागेल.
ही म्हणते दार उघड, गुदमरेल.
दोघांनाही ते जगायला हवंय.
दार मात्र एकच.
लिहा आता. नव्वद भाग पुरेल.’

‘पण यात वाईट कोण?’ ओडिलिया विचारते.

एउलोहिया उठते.
किटलीत पाणी आहे की नाही ते बघते. असतं.
तरी पुन्हा भरते.

एकदा तिनं एक मालिका लिहिली होती.
त्यात एक मुलगा आजारी आईचं घर विकायला काढतो.
घोगरा आवाज, चांदीच्या मुठीची काठी,
दारात त्याची चाहूल लागली की व्हायोलिन.
सगळी टेकडी त्याला पाण्यात पाहायची.
त्याचा आवाज काढणारा बिचारा मधुमेही गृहस्थ,
फावल्या वेळात भाच्यांचे मोजे विणणारा,
त्याला कुणी बटाटे विकेनात.

खाली, पायऱ्या संपतात तिथं, तिच्या भावाची बेकरी.
लाउतारो. चार वाजता भट्टी, चार वाजता रेडिओ.
पीठ मळता मळता त्यानं ऐकलं
स्वतःचंच वाक्य, काठी टेकत आलेलं:
‘भिंती आईला धरून ठेवत नाहीत.’
हे तो तिला एकटीला म्हणाला होता,
याच टेबलाशी, रडत.

भांडायला तो वर आला नाही.
रोज सकाळी पाव येतच राहिला, कागदात गुंडाळलेला, कोमट.
फक्त त्रेसष्टाव्या भागानंतर
कागदावर पिठाचा अंगठा, आणि खाली दोन ओळी:
त्याला एक रात्र दे.
आईला पाठुंगळी घेऊन तो पायऱ्या उतरला, ती.

तिनं दिली नाही.
पत्रांचा ढीग पडला होता, जाहिरातदार खूश होता.
सत्तराव्या भागात विकणारा आगीत जळाला,
लोकाग्रहास्तव.

टेबलाशी मुलगा एकेक पेटी कानाशी नेऊन हलवतोय.
राणी रिकामी. लबाड रिकामा.
राखणदारांत काही नाही.
शेवटची पेटी मात्र खुळखुळत नाही, नुसती कुजबुजते,
घडी घातलेल्या कागदासारखी.

‘ती ठेव खाली,’ एउलोहिया म्हणते.
‘ती मी कुणाला देत नाही.’
मग, किटलीकडे तोंड करून:
‘देते. पण आधी सांग, त्याला काय वाचवायचं होतं?
ते सांगता येत नसेल तर त्याच्या हाती काठी देऊ नकोस.’

मुलगा पेटी उघडत नाही.
धरून बसतो, बिस्किट अर्धं राहतं.

खिडकीबाहेर बंदराचे दिवे लागतायत.
बेलिसारियो लसूण उचलतो, सोलतो, परत ठेवतो.
ओडिलिया वहीवर वाकली आहे.
तिचं पहिलं वाक्य झालंय, दुसरं अडलंय,
न पाहताच ती विचारते:
‘किती पायऱ्या?’

‘दोनशे चौदा,’ एउलोहिया म्हणते,
‘आणि मधे, एकशे तीसच्या आसपास,
दम घ्यायला एक बाक होतं.’