मासा, इतर

निवतीला मी तिसऱ्यांदा आले
तेव्हा टॅबमध्ये नऊशे बारा पदार्थ होते
आणि बंदरावरचा कुत्रा ओळखीचा झाला होता.

यादी जुनी.
तिच्यात हरीक अजून आहे, कोड दोनशे सात,
आणि मोमो नाहीत.
माशांना अकरा ओळी: पापलेट, सुरमई, रावस,
जे इथे पकडतात आणि बर्फात घालून पाठवून देतात.
इथे जे खातात ते सगळं बाराव्या ओळीत.
मासा, इतर.

पेडवे इतर. मुडदुशी इतर.
खडपावर फोडलेली कालवं इतर,
भाकरीवर भुरभुरलेला गोलमोसुद्धा.
इतर नावाच्या ह्या माशाला काटे किती, लोह किती,
कुणी तपासलेलं नाही.
पण मागच्या अहवालाप्रमाणे
किनाऱ्यावर सगळ्यात जास्त तोच खपतो.

माझं काम नवं घालायचं, मेलेलं काढायचं.
सलग तीन फेऱ्यांत ज्याचं कुणी नाव घेतलं नाही
ते वगळावे, असा नियम.
म्हणून हरकाबद्दल बाबल मेथरांना विचारलं.
जाळ्याची गाठ दातांत धरून ते म्हणाले,
"हरकाचो भात? खाल्लो काय घर फिराक लागता.
पण भूक थांबता."
मग गाठ ओढली.
"काल नाय खाल्लंय."
बरोबर आहे. आम्ही कालचंच विचारतो.
चोवीस तासांच्या मागे आमचा फॉर्म जात नाही.

त्यांचा नातू तन्वेश मात्र आदर्श उत्तरदाता:
सकाळी सव्वादहा, पाच रुपयांच्या लाल नळ्या, एक पाकीट,
दुपारी हिरव्या, अर्धं पाकीट, अर्धं आर्याने ओढलं.
ग्रॅमसुद्धा त्याने पाकिटावरून वाचून दाखवले.
रिकामं पाकीट पुसून, सपाट करून मी वहीत ठेवलं.
समितीची बैठक होऊन त्याला कोड मिळेपर्यंत
कंपनी नळ्यांचे गोळे करील,
आणि मी पुन्हा कुत्र्याला बिस्किट घालीत इथे उभी.

शेवटचं घर शेवंती केळुसकरांचं.
बंदीचे दिवस. होड्या वर ओढून झावळांखाली झाकलेल्या.
मी वाटीचं चित्र दाखवलं, दीडशे मिलिची.
तिने ते दूर धरून बघितलं
आणि चुलीजवळून करवंटीची डवली आणली.
"ह्येच्यान दोन."
दोन काय?
"माशाची कढी."

मी लिहीत गेले.
खोबरं, एक कवड. मिरच्या सात. धणे.
तिरफळं ठेचून, सोलं चार.
मासा कुठला?
"मासो खंय गावता आता?"
मग कढी कशाची?
"माशाचीच. तिरफळाचो वास इलो काय
घोव दोन घास जास्त जेवता."

तिने हे असं सांगितलं
जसं कुणी आपल्या गावाचं नाव सांगतं.
डाळीची आमटी म्हणू का, विचारलं.
ती दुखावलीच. "डाळ खंय घातलंय मी?"

टॅब म्हणाला, मुख्य घटक निवडा.
मासा, इतर.
वजन?
शून्य टाकलं. तांबडी चौकट आली.
शून्य चालत नाही. किमान एक.
मी परत शून्य. परत चौकट.
शेवंतीबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या,
त्यांना वाटलं माझं काहीतरी बिघडलंय,
म्हणून त्यांनी विचारलं, जेवलंस गे?

मी एक लिहिलं.
एक ग्रॅम मासा, जो नव्हता,
निवती बंदर, ताटलीत भातावर,
आता देशाच्या सरासरीत आहे.

वगळण्याच्या रकान्यात हरकापुढे खूण केली नाही.
कारण विचारलंय, ती ओळ अजून रिकामी आहे.
नव्या नोंदीत मात्र लिहून पाठवलंय,
वरून काय शेरा येईल ते येवो:
कढी, माशाची, मासा नसलेली.
माप: डवली.

दुसऱ्या दिवशी कुडाळला सहकाऱ्याने सरावासाठी
मलाच विचारलं, काल रात्री काय खाल्लंत?
मी बराच वेळ यादी वरखाली करीत राहिले.
बोटांना तिरफळाचा वास होता.