वरची पांढरी चार

आमच्या पियानोची वरची पांढरी चार
एकदा दाबली की खालीच बसायची.
कोत्लासच्या थंडीत लाकूड फुगतं की आक्रसतं
यावर घरात दोन मतं होती.
बाबा म्हणायचे, दमली असेल, बसू दे.
ते यार्डात मालगाडीचे डबे जोडायचे,
बसण्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

सावेलीचे पाय तेव्हा पेडलला पुरत नसत.
त्यानेच तोड काढली:
त्या पट्टीशी आलं की केसभर थांबायचं,
तिला नखाने वर उचलायचं,
मग दाबायचं.
मी पलंगावर भूगोलाचं पुस्तक उघडं टाकून
ते थांबणं मोजत असे.
भिंतीपलीकडून झिनाइदा मात्वेयेव्हना
रेडिएटरवर चमचा आपटायची.
म्हणजे, पुरे.

दहाव्या वर्षी रोग्नेदा बाईंनी त्याला नेलं.
त्यांच्या टोपीला डांबरगोळ्यांचा वास होता.
इथे ठेवलात तर लग्नांत वाजवेल, म्हणाल्या,
आणि आईला लग्नांत काय वाईट ते कळेना,
तरी तिने उकडलेली अंडी वर्तमानपत्रात बांधली,
मोज्यांचे सहा जोड,
आणि प्लॅटफॉर्मवर उगाचच
त्याची बटणं पुन्हा पुन्हा लावत राहिली.

पुढचं सगळं आम्ही फोनवर ऐकलं.
मॉस्कोच्या वसतिगृहात तळघरातले पियानो,
पहाटे पाचची पाळी मिळाली तर नशीब.
कुठल्याशा स्पर्धेत तिसरा. मग दुसरा.
मग पुन्हा दुसरा.
एका बॅरिटोनचा उसना काळा कोट,
खांद्यात सैल.
मग ग्रात्सचा एक एजंट, जो बोलताना
सारखा 'आपण' म्हणायचा
आणि तिकिटं मात्र एकट्याचीच काढायचा.

शहरांबद्दल विचारलं तर सावेली पियानोंबद्दल सांगे.
व्हायोलिनवाले आपलं माणूस काखेत घेऊन फिरतात,
मला रोज संध्याकाळी परकीशी बोलावं लागतं.
आजची गोड बोलते पण ऐकत नाही.
कालची बहिरी होती.
परवाची, ताई, परवाची इतकी चांगली होती
की मला तिची भीतीच वाटली.
जेवलास का, आई मागून ओरडायची.

उत्रेख्तच्या एका समीक्षकाने लिहिलं:
वरच्या सुराआधी हा तरुण जो श्वास रोखतो
त्यात उत्तरेचं अख्खं बर्फ उभं आहे.
सावेलीने ते मला वाचून दाखवलं.
मी तिकीट खिडकीवर होते, रांग वाढत होती,
आणि मला हसू आवरेना.
तोही हसला. मग गप्प झाला.
एजंट म्हणतो, ते आणखी कर.
करायला जातो ना, ताई, तेव्हा होत नाही.

या जानेवारीत तो चार दिवस आला.
आईने आधीच व्होलोग्दाहून कारागीर बोलावला होता,
महिन्याचं पेन्शन त्याच्या हातावर ठेवलं होतं,
आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं.
तिला वाटलं, पोरगा मोठ्या पियानोंवर वाजवतो आता,
घरची लाज नको.

तो बसला. स्टूल उंच झालं होतं त्याला.
डाव्या हाताने सावकाश सुरू केलं,
उजवा चढत चढत तिथे आला,
थांबला,
नख खाली घातलं,
उचलण्यासारखं काही नव्हतंच.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली,
काय रे, अजून अडकते?
नाही, तो म्हणाला. छान झाली.
आणि झाकण लावून बराच वेळ
झाकणावरचा कपाचा जुना डाग
अंगठ्याने पुसत बसला.
तो डाग माझा आहे. जाणारा नाही.

रात्री त्याच पलंगावर
पाय बाहेर काढून तो झोपला.
बोटं पांघरुणावर चालत होती.
अंगवळणी पडलेलं, मी मोजू लागले.

होतं. तिथेच.
केसभर.